उंदराचं हृदय दुरुस्त होतं, मग माणसापाशी येऊन घोडं कुठं अडतं?

मधलीसुट्टी:

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मामाला चार महिन्यांपूर्वी अटॅक येऊन गेला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट टाकला, माणूस घरी आला, हिंडतोफिरतो, पण दोन मजले चढला की धाप लागते आणि परवाच्या इकोत इजेक्शन फ्रॅक्शन (म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा) ३५ आलंय. डॉक्टर म्हणाले स्नायूचा जो भाग मेला तो मेला, तिथं आता व्रण आहे, तो परत जिवंत होणार नाही, उरलेल्याला गोळ्यांनी सांभाळायचं. मामाने मान डोलावली. मला मात्र ते काही पचेना, कारण गेली दहाबारा वर्षं मी वर्षातून दोनदा तरी अशी बातमी वाचतोच की अमुक प्रयोगशाळेत उंदराचं खराब झालेलं हृदय बरं केलं, तमुक ठिकाणी पेशींचा पॅच लावला, लवकरच माणसावर. ते "लवकरच" काही उजाडत नाही.

हाड मोडलं तर जुळतं, कातडी सोलली तर भरून येते, लिव्हर अर्धं कापलं तरी वाढतं असं ऐकलंय, मग हृदयानेच काय घोडं मारलंय? आणि उंदरात जमतं ते माणसात का जमत नाही, पैसा कमी पडतो, परवानग्या मिळत नाहीत, की मुळात बातम्याच फुगवलेल्या असतात? मी कॉमर्सवाला, बायोलॉजी दहावीला सुटली ती सुटलीच, तेव्हा जरा इस्कटून सांगा.

ता. क. मामेभावाने एका सेंटरची जाहिरात फॉरवर्ड केलीये, स्टेम सेलचं इंजेक्शन, "हृदय नव्यासारखं". त्यावरही बोला, घरात त्यावरून दोन तट पडलेत.

पिपेटवाली:

याच विषयात पीएचडी केली, साडेपाच वर्षं गेली त्यात, त्यामुळे लांबण लागणार आहे.

आधी एक गल्लत सोडवू. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र विचारताय. एक म्हणजे मरू घातलेल्या पेशी मरू न देणं, आणि दुसरी म्हणजे मेल्यावर त्या जागी नवीन आणणं. बातम्यांत दोन्हीला "दुरुस्ती" म्हणतात पण लॅबमध्ये या दोन गोष्टी करणारी माणसं वेगळी, मशीनं वेगळी आणि अपयशंही वेगळी. मी पहिल्या गटातली, म्हणजे वाचवण्यावाली.

आमचा रोजचा प्रयोग सांगते, त्यातच निम्मं उत्तर आहे. रॅटला पूर्ण भूल देऊन हृदय बाहेर काढायचं. अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान असतं. मुख्य धमनी बारीक नळीवर चढवायची, दोऱ्याने बांधायची आणि त्या नळीतून ३७ डिग्रीचं क्षारांचं पाणी सोडायचं, ज्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड बुडबुडत असतो. बस. ना शरीर ना मेंदू, काचेच्या भांड्यात टांगलेलं ते हृदय स्वतःच धडधडायला लागतं, मिनिटाला अडीचशे-तीनशे वेळा, तासन्‌तास. लँगेंडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात ही युक्ती काढली, अजून तीच वापरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पंधरा मिनिटं काहीच नोंदवलं नव्हतं, नुसती बघत बसले होते आणि सरांची बोलणी खाल्ली.

मग पाण्याचा प्रवाह बंद करायचा, ३० मिनिटं. हा झाला अटॅक. परत सुरू करायचा, दोन तास ठेवायचं. ही झाली अँजिओप्लास्टी. शेवटी हृदय थोडं गोठवून ब्लेडने चकत्या पाडायच्या आणि टीटीसी नावाच्या रसायनात बुडवायच्या. जिवंत पेशींमधली एन्झाइम्स शाबूत असतात ती या रसायनाला विटेसारखं लाल करतात, मेलेल्या भागाला रंगच चढत नाही, तो फिकट राहतो. चकतीचा फोटो काढायचा, फिकट किती लाल किती मोजायचं. औषध चाललं तर फिकट भाग कमी. माझा सगळा थिसिस म्हणजे या लाल आणि फिकटाचा हिशेब.

आता गंमत बघा. एवढ्यात माझ्या हातात काय काय होतं? प्राणी तरुण, निरोगी, सगळे एकाच वंशाचे एकाच वजनाचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घड्याळ माझ्या हातात. प्रवाह कधी बंद होणार हे मला सकाळीच माहीत, औषध त्याच्या दहा मिनिटं आधी द्यायचं की सुरू होताना द्यायचं हे मी ठरवणार. तुमच्या मामांच्या छातीत घड्याळ कुणाच्या हातात होतं? दुखायला लागल्यावर ॲसिडिटी असेल म्हणून किती वेळ गेला, हॉस्पिटलपर्यंत किती गेला. माझ्या मते घोडं अडतं ते इथं. पैसा, परवानग्या वगैरे नंतर.

१९८६ सालचा एक प्रयोग आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला तोंडपाठ असतो. मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांमध्ये धमनी ४० मिनिटं बंद करायच्या आधी ५-५ मिनिटांसाठी चार वेळा बंद करून उघडली. तर मेलेला भाग नुसत्या ४० मिनिटंवाल्यांच्या एक चतुर्थांशच भरला! म्हणजे आधी थोडं थोडं गुदमरवलेलं हृदय मोठ्या घावाला तयार होतं. सगळं जग त्यामागे लागलं. पण त्याच पेपरमध्ये हेही होतं की ४० मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली तर काही फायदा नाही. हे वाक्य बातम्यांत कधी येत नाही.

बाकी पेशी बनवण्याबद्दल रात्री लिहिते, आत्ता लॅबमधून टाइप करतेय.

मधलीसुट्टी:

ताई, दंडवत. एक शंका, तुम्ही प्रवाह परत सुरू केल्यावर दोन तास थांबता म्हणालात. का? नुकसान तर बंद असतानाच होऊन गेलं ना, मग नंतर कशाची वाट बघायची?

(मामाने ॲसिडिटीची गोळी घेऊन पावणेदोन तास काढले होते. तुम्हाला कसं कळलं?)

पिपेटवाली:

मला कळलं नाही, सगळेच तसं करतात.

शंका एकदम मुद्द्याची. नुकसान बंद असताना होतं हे खरं पण सगळं नाही, काही वाटा रक्त परत येतानाचा असतो. ऐकायला विचित्र वाटतं. रक्त बंद असताना पेशीत सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत जातो, ऑक्सिजनच नाही तर जळणार कसा. धमनी उघडली की तो साठा एकदम भडकन जळतो, मायटोकॉन्ड्रियातली (पेशीतली वीजघरं म्हणा) ऊर्जा बनवणारी साखळी काही क्षण उलटी चालते आणि त्यातून घातक ऑक्सिजन रेणूंचा लोंढा सुटतो. हे सक्सिनेटचं गणित २०१४ मध्ये उलगडलं. त्याच वेळी पेशीत कॅल्शियम घुसलेलं असतं. दोन्ही मिळून मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यातली दारं म्हणा, ती सताड उघडतात आणि पेशी, जी कदाचित जगली असती, ती मरते. हे सगळं पहिल्या काही मिनिटांत ठरतं, दिसायला मात्र वेळ लागतो, म्हणून थांबायचं.

पण कृपा करून याचा अर्थ "धमनी उघडू नये" असा काढू नका, नाहीतर घरी तिसरा तट पडेल. उघडली नाही तर सगळंच जातं. आजवर हृदयाचा स्नायू वाचवणारी सगळ्यात जबरदस्त गोष्ट कुठली असेल तर लवकर उघडलेली धमनी. आम्ही भांडतो ते उरलेल्या तुकड्यासाठी.

तिरकस_बाण:

पिपेटवाली ताई छान लिहितायत पण जरा दुसरी बाजूही येऊ द्या, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आता फक्त दारं बंद करणारं औषध शोधलं की झालं.

ते औषध शोधून झालंय हो. सायक्लोस्पोरिन. त्या मायटोकॉन्ड्रियाच्या दारांवरच काम करतं. २००८ मध्ये ५८ पेशंटवर छोटी ट्रायल झाली, अटॅकचं नुकसान कमी दिसलं, सगळीकडे आनंदीआनंद. २०१५ मध्ये ९७० पेशंटवर मोठी ट्रायल केली, फायदा शून्य. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून चार वेळा पाच पाच मिनिटं आवळायचा, म्हणजे हात गुदमरवून हृदय वाचवायचं ही आयडिया. प्राण्यांत चालली, छोट्या ट्रायल्समध्ये चालली, २०१९ मध्ये पाच हजारांवर पेशंट घेऊन बघितलं, पट्टा बांधलेले आणि न बांधलेले सारखेच. मेंदूच्या स्ट्रोकचं तर विचारूच नका. २००६ मध्ये कुणीतरी बसून मोजलं होतं, मेंदू वाचवायचे १०२६ उपाय लॅबमध्ये तपासले गेले होते. एक हजार सव्वीस! आणि पेशंटला देता येण्यासारखं तेव्हा काय होतं तर गुठळी विरघळवणं. म्हणजे परत तेच, नळ उघडा.

मला विचाराल तर निम्मा दोष प्रयोगांचाच. कुठला उंदीर औषधाचा आणि कुठला नुसत्या पाण्याचा हे मोजणाऱ्यालाच माहीत असेल तर फिकट भाग आपसूक थोडा कमी भरतो, लबाडी नसली तरी. आणि न चाललेले प्रयोग छापायला कोण जातो.

लबाडी असली तर मग बोलायलाच नको. पिएरो आन्व्हेर्सा या हृदय-संशोधकाचं प्रकरण आठवतंय का कुणाला? २००१ मध्ये त्यांच्या गटाने छापलं की अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या की उंदराच्या हृदयात नवा स्नायू तयार होतो. २००४ मध्ये दोन वेगळ्या लॅब्जनी करून बघितलं, काही होत नाही म्हणून सांगितलं. तरी गाडी चालूच, पेशंटवर ट्रायल्ससुद्धा झाल्या. शेवटी २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगम हॉस्पिटलनेच सांगितलं की त्यांच्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्या, त्यात खोटा किंवा फिरवलेला डेटा आहे. सतरा वर्षं. मधलीसुट्टी, तुमच्या मामेभावाच्या फॉरवर्डचं मूळ शोधत गेलात तर बहुधा याच गावात पोचाल.

रात्रपाळी:

बाण साहेब नेहमीप्रमाणे सगळंच पाण्यात घातलंत. मी नवजात बाळांच्या आयसीयूत काम करते, आमच्याकडे यातली एक गोष्ट रोज चालते म्हणून लिहिते.

जन्मताना ज्या बाळाला ऑक्सिजन कमी पडतो त्याचा मेंदू लगेच मरत नाही. सुरुवातीला तो सावरल्यासारखा दिसतो आणि मग काही तासांनी पेशींची दुसरी पडझड सुरू होते. मधला जो काळ असतो त्यात बाळाला थंड करायचं. पूर्ण दिवस भरलेलं बाळ, सहा तासांच्या आत सुरू करायचं, शरीर साडेतेहतीस डिग्रीच्या आसपास, ७२ तास, आणि मग अगदी हळू हळू गरम करायचं. हे आधी मेंढ्यांच्या गर्भांवर, उंदरांवर, डुकरांवर लॅबमध्येच सिद्ध झालं आणि मग माणसाच्या बाळांवर मोठ्या ट्रायल्समध्ये खरं ठरलं, मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी होतं. सगळी बाळं वाचत नाहीत. पण आधी या बाळांसाठी आमच्या हातात काहीच नव्हतं.

त्या बाळाला हात लावला की हाताला गार लागतं आणि आईला ते सहन होत नाही, पांघरूण घाला म्हणतात, साहजिकच आहे. मी त्यांना मॉनिटरवरचा आकडा दाखवते. हा आकडा वर गेला की मला काळजी वाटते म्हणते, मग त्यापण माझ्याबरोबर आकड्यावर लक्ष ठेवायला लागतात.

अजून एक, पॅरासिटामॉल कुणी भरमसाट घेतलं तर लिव्हर जातं, पण आठ तासांच्या आत एनॲसिटिलसिस्टीन दिलं तर जवळजवळ सगळ्यांचं वाचतं. हेसुद्धा अवयव वाचवणारं औषधच की. लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाची ढाल असते ती विषाने संपते, हे औषध ती परत भरतं. पिपेटवाली यांचा घड्याळाचा मुद्दा बघा, या दोन्हीत घड्याळ कुणीतरी बघितलेलं असतं. बाळ कधी जन्मलं ते मिनिटासकट लिहिलेलं असतं.

पंपवाला:

वा, रात्रपाळी ताईंनी नेमका धागा पकडला, मी त्यालाच पुढे ओढतो. मी अवयव प्रत्यारोपणात पर्फ्युजनचं, म्हणजे काढलेल्या अवयवात द्रव किंवा रक्त फिरवण्याचं, काम करतो. आमच्याकडे तर घड्याळ भिंतीवरच टांगलेलं असतं, क्लॅम्प लावला ती वेळ कुणीतरी मोठ्याने ओरडतं आणि दुसरा फळ्यावर लिहितो. म्हणून वाचवण्याचं संशोधन खरं कुठं वापरात आलं असेल तर ते इथं.

जुनी पद्धत म्हणजे अवयव थंड द्रावणाने धुवायचा आणि बर्फाच्या पेटीत. चार डिग्रीला पेशीची भूक दहा टक्क्यांवर येते पण संपत नाही, आणि थंडीत सोडियम बाहेर फेकणारे पंप थांबतात त्यामुळे पेशी पाणी पिऊन फुगतात. म्हणून द्रावणात असे मोठे रेणू घालतात जे पेशीत शिरत नाहीत आणि पाणी बाहेर धरून ठेवतात. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिनला बेल्झर आणि साउदर्ड यांनी बनवलेलं द्रावण अजून वापरात आहे. तरी हृदय चार ते सहा तास, लिव्हर बारा तासांच्या आसपास, किडनी दिवसभर, यापुढे सगळ्यांच्या पोटात गोळा.

नवीन पद्धत म्हणजे बर्फ नकोच, अवयव मशीनला जोडायचा, ३७ डिग्रीचं रक्त फिरवायचं. पिपेटवालींच्या काचेतल्या हृदयाचाच मोठा भाऊ. २०१८ मध्ये लिव्हरचा युरोपातला अभ्यास आला, २२० प्रत्यारोपणं, मशीनवाल्यांत नुकसानीचं एन्झाइम निम्म्यावर, टाकून दिलेली लिव्हरं निम्म्यावर, आणि तेही बाहेर जास्त वेळ ठेवून. झ्युरिकवाल्यांनी तर एक लिव्हर तीन दिवस मशीनवर सांभाळून, सुधारवून मग पेशंटला बसवलं, ते २०२२ मध्ये छापून आलं.

मशीनवरचं लिव्हर जवळून बघणं हा अनुभव आहे. बर्फातून आलेलं असतं तेव्हा राखाडी-तपकिरी, निर्जीव. रक्त सुरू केलं की कडेपासून रंग चढत जातो आणि मग नळीत पित्ताचा पहिला थेंब येतो, गडद. तो थेंब आला की खोलीतली माणसं खुर्चीत टेकतात. आला नाही तर कुणी काही बोलत नाही.

अवांतर: गोठवण्याचंही चाललंय. मिनेसोटात रॅटच्या किडन्या बर्फाचा एकही कण होऊ न देता काचेसारख्या गोठवल्या, शंभर दिवसांपर्यंत ठेवल्या आणि आत सोडलेल्या लोहाच्या अतिसूक्ष्म कणांना चुंबकीय क्षेत्राने तापवून एकसारख्या वितळवल्या, परत बसवल्या तर चालल्या. हे २०२३ चं. खरी अडचण गोठवण्यात नाही, वितळवण्यात आहे, बाहेरून गरम केलं की मध्ये थंड बाहेर गरम होऊन तडा जातो. माणसाची किडनी रॅटच्या शंभरपट मोठी, त्यामुळे वेळ आहे अजून.

तिरकस_बाण:

बरं बाबा, घेतले शब्द मागे. निम्मे.

पण मामांचा प्रश्न राहिलाच ना. त्यांचा भाग मरून चार महिने झाले, तिथे घड्याळ बघून काय करणार?

पिपेटवाली:

तेच लिहायला बसले. हे माझं रोजचं काम नाही, शेजारच्या लॅबचं आहे, पण आमचा फ्रीज एकच असल्यामुळे त्यांचं सगळं कानावर येतं.

लिव्हरपासून सुरू करू कारण सगळे तेच उदाहरण देतात. रॅटचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं तर आठवडा-दहा दिवसांत वजन भरून येतं, हे १९३१ पासून माहीत आहे. पण कापलेला भाग परत उगवत नाही हो. उरलेला वाढून तेवढा होतो. पेशी तयारच असतात, नुसतं "विभाजित व्हा" सांगायचं असतं. कातडीचंही तसंच, खालच्या थरात मूळ पेशी (स्टेम सेल) जन्मभर राबतात. म्हणूनच कातडी हे या क्षेत्राचं सगळ्यात खरं यश आहे. १९७५ मध्ये कातडीच्या पेशी बशीत वाढवायची पद्धत आली, काही वर्षांत जवळजवळ सगळं अंग भाजलेल्या मुलांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली कातडी लावली गेली. २०१५ मध्ये जर्मनीत सात वर्षांच्या एका मुलाला, ज्याची कातडी जन्मजात आजाराने हात लागला की सुटायची, त्याच्याच पेशीतला जीन दुरुस्त करून शरीराच्या ८० टक्के भागावर नवीन कातडी बसवली. डोळ्याच्या बुबुळावरच्या थरासाठी तर पेशंटच्याच पेशी वाढवून लावायचा उपचार युरोपात २०१५ मध्ये मान्य झाला.

हृदयाची पेशी वेगळी. ती आकुंचनाच्या दोऱ्यांनी अशी गच्च भरलेली असते की विभाजित व्हायचं तर आधी सगळा पसारा मोडायला हवा, आणि तोवर धडधड थांबवून चालत नाही. झेब्राफिशचं पाचवा हिस्सा हृदय कापलं तर दोन महिन्यांत नवीन स्नायू येतो. आणि हे ऐका, जन्मून एक दिवस झालेल्या उंदराच्या पिल्लालाही जमतं, २०११ मध्ये दाखवलंय. सातव्या दिवशी तेच करा, नाही जमत. व्रण होतो. त्या आठवड्यात काहीतरी कुलूप लागतं. माणसात ते अगदीच घट्ट नाहीये. स्टॉकहोममध्ये फ्रिसेन यांच्या गटाने शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत आलेला कार्बन १४ लोकांच्या हृदयपेशींच्या डीएनएत मोजून पेशींचं वय काढलं. अणुबॉम्बचा इतका चांगला उपयोग कुणी केला नसेल. तर पंचविशीत वर्षाला एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याच्याही खाली. म्हणजे होतात! पण मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींच्या घरात पेशी जातात, त्यापुढे हा वेग म्हणजे चमच्याने विहीर भरणं.

मग कुलूप फोडू या म्हणून २०१९ मध्ये डुकरांच्या हृदयात एक मायक्रोआरएनए (जीन्सचं काम कमीजास्त करणारा छोटा रेणू) घातला, पेशींना विभाजित व्हायला लावणारा. महिनाभरात व्रण लहान झाला, पंपिंग सुधारलं. आणि नंतर बहुतेक डुकरं अचानक मेली, हृदयाचा ठोका बिघडून. विभाजन थांबवायचं बटण नव्हतं, अर्धवट पेशींची बेटं तयार झाली आणि त्यांनी वीज भलतीकडे नेली. तीच गोष्ट बाहेर बनवलेल्या पेशींची. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीला चार जीन्स देऊन मूळ पेशी बनवली, पुढच्या वर्षी माणसाची, २०१२ चं नोबेल मिळालं. आता बशीत धडधडणारे माणसाचे हृदयपेशींचे थर आम्ही रोज बघतो. पण २०१४ मध्ये अशा शंभर कोटी पेशी माकडांच्या हृदयात टोचल्या तेव्हा त्या जगल्या, जोडल्या गेल्या आणि सोबत ठोक्याची गडबडही घेऊन आल्या. हृदय म्हणजे नुसतं मांस नाही, सगळ्यांनी एकाच क्षणी आवळायचं असतं.

सध्या मला सगळ्यात आश्वासक वाटतं ते जर्मनीतलं पॅचचं काम. टोचायचं नाही, पेशींचा तयार स्नायू बाहेरून शिवायचा. २०२५ च्या सुरुवातीला छापून आलं, माकडांत चाललं आणि एका पेशंटलाही लावला होता, तिचं काही महिन्यांनी हृदय प्रत्यारोपण झालं तेव्हा काढलेल्या हृदयात पॅचचा स्नायू जिवंत सापडला. ट्रायल चालू आहे. ही बातमी फुगवलेली नाहीये, पण मामांना उद्या मिळेल अशीही नाही.

आणि व्रणाला शिव्या देऊ नका. मेलेला स्नायू विरघळतो आणि त्या जागी कोलॅजेन भरतं, ते भरलं नसतं तर दर ठोक्याच्या दाबाने भिंत फुटली असती. पहिल्या आठवड्यात असं क्वचित होतंही. व्रण म्हणजे घाईत मारलेलं ठिगळ आहे, आकुंचन पावत नाही पण धरून ठेवतं.

आता जाहिरात. नोंदणीकृत ट्रायल असेल तर पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, काय टोचणार ते नीट लिहून देतात आणि "नव्यासारखं" हा शब्द वापरत नाहीत. त्या सेंटरला एवढंच विचारा, कुठल्या पेशी, कुठून घेतल्या, टोचल्यावर किती दिवस जगतात. बहुतेक ठिकाणी पोटाच्या चरबीतल्या नाहीतर मज्जेतल्या पेशी असतात, त्या हृदयाचा स्नायू होत नाहीत.

त्यापेक्षा मामांच्या डॉक्टरांना हे विचारा की ३५ च्या आकड्यात न मेलेला पण झोपलेला स्नायू किती आहे ते बघितलंय का. रक्त कमी मिळत राहिलं तर स्नायू जिवंत राहून काम बंद ठेवतो, तो जागा होऊ शकतो. आणि गोळ्यांचे डोस पूर्ण मात्रेपर्यंत नेलेत का, कार्डियाक रिहॅब (हृदयाच्या पेशंटसाठी देखरेखीखालचा व्यायाम) सुरू आहे का. "गोळ्यांनी सांभाळायचं" हे ऐकायला निरुत्साही वाटतं पण या गोळ्यांनी ताणलेलं हृदय पुन्हा आकसतं, आकडा वर गेलेले पेशंट भरपूर आहेत.

मधलीसुट्टी:

ताई, सगळा धागा मामाला मोठ्याने वाचून दाखवला, दोन बैठका लागल्या. रिहॅबचं कुणी बोललंच नव्हतं, सोमवारी विचारतो. मामेभावाला तुमचे तीन प्रश्न पाठवले, त्याने सेंटरला विचारले, तिकडून उत्तर आलं की "एकदा काउन्सेलिंगला या". तट मोडला.

मामाचा एकच प्रश्न आहे, म्हणतो तिला नक्की विचार. त्याच्या हृदयाची चकती तुमच्या रंगात बुडवली तर तो भाग फिकट दिसेल का?

आणि मला एक विचारायचंय, साडेपाच वर्षांत कधी चुकलात का?

पिपेटवाली:

चुकले की. दुसऱ्या वर्षी नळीत हवेचा बुडबुडा राहिला, मोहरीएवढा. हृदय चढवलं, दोन ठोके नीट पडले, मग बुडबुडा बारीक धमन्यांत गेला आणि अर्धं हृदय माझ्या डोळ्यांसमोर काळंनिळं पडलं. त्या दिवसाचा डेटा गेला त्याचं काही नाही, एक जीव फुकट गेला ते डोक्यातून जात नाही. तेव्हापासून चढवण्याआधी नळी तीनदा टिचकी मारून बघते.

मामांना सांगा, त्यांच्या व्रणाला रंगाची गरजच नाही, चार महिन्यांत कोलॅजेन मुरलंय, तो तसाही पांढरा दिसेल. पण रंगात बुडवलं तर बहुधा एक गंमत दिसेल. व्रणाच्या अगदी आतल्या कडेला, जिथं हृदयाचा कप्पा असतो, तिथं एक बारीक लाल रेघ राहते. धमनी बंद झाली तरी त्या पेशींना कप्प्यातल्या रक्तातून थेट ऑक्सिजन झिरपत होता, त्यामुळे त्या वाचतात. जाडी काही पेशींएवढीच.